मागच्या सीटवरची

१

ठरलं होतं ॲरिझोना. रिटायर झाल्यावर अमेरिकेत जायचं, आर.व्ही., म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची आणि एक अख्खा दिवस वाळवंटातून गाडी चालवायची, असं पुरुषोत्तमने फार वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये जन्म काढलेला माणूस, त्या एका दिवसाचा रस्ता त्याला वळणावळणासकट पाठ होता. पहाटे फ्लॅगस्टाफ सोडायचं, दुपारी लाल खडकांच्या सावलीत गाडी उभी करून चहा टाकायचा, ऊन उतरायच्या आत मुक्कामाला पोचायचं. ब्रिटनमधल्या त्याच्या क्रॉयडनच्या घरात फ्रीजशेजारी तो नकाशा अजून चिकटवलेला होता. पण गेल्या वर्षी मेमरी क्लिनिकमधून स्मृतिभ्रंशाचं निदान हातात आलं, पाठोपाठ ड्रायव्हिंग लायसन्स परत करावं लागलं, आणि इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं.

त्याच्या बायकोने, नीनाने, मग जवळचं वाळवंट शोधलं. केंटच्या टोकाला, समुद्राकाठी, डंजनेस नावाची जागा आहे. नजर पोचेल तिथवर नुसते गोटे, झाड नाही की कुंपण नाही. ब्रिटनमधलं एकमेव वाळवंट असं लोक तिला म्हणतात. सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. महाराष्ट्र मंडळातल्या शशिधर देवधरांकडे मोटरहोम होती. त्यांनी ती एका दिवसासाठी आनंदाने दिली आणि सगळं समजावून सांगितलं: गॅस कुठे बंद करायचा, पाण्याचा पंप कसा चालू करायचा, बाजूच्या दाराखालची पायरी बटण दाबून आत कशी घ्यायची.

"पायरी बाहेर राहिली आणि तुम्ही इंजिन सुरू केलंत, तर बझर वाजतो," शशिधर म्हणाले. "कुणी चढलं-उतरलं की तेवढं बघत जा, वहिनी."

मुलगी अक्षया मँचेस्टरला फिजिओ होती. तिला ही सहल पसंत नव्हती. तिचं म्हणणं वेगळंच होतं. घरात एक केअरर ठेवायची, आठवड्यातून चार दिवस. नीनाने तिला ठणकावून सांगितलं होतं की परकी बाई घरात येऊन यांचे कपडे बदलणार असेल तर मग मी कशाला आहे. त्यावरून दोघींचं वाजलं होतं आणि त्यानंतर फोन आले ते नुसते कामापुरते.

मंगळवारी सकाळी नीनाने डबे, थर्मास, औषधं आत ठेवली, पुरुषोत्तमला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. बझर वाजला. ती उतरून बाजूला गेली. दार नीट बंद होतं, पण पायरी बाहेर आलेली होती. डबे ठेवून झाल्यावर आपण बटण दाबलं होतं असं तिला पक्कं वाटत होतं. तिने पुन्हा दाबलं आणि येऊन बसली.

"झालं?" पुरुषोत्तमने विचारलं.

"झालं."

"बसली नीट?"

"बसली. आता नाही वाजणार."

त्याने तिच्याकडे जरा गोंधळून पाहिलं, आणि मग समोर रस्त्याकडे.

२

गाडी मोटरवेला लागली. मोठी गाडी चालवायची नीनाला सवय नव्हती. ती डावी लेन धरून, लॉऱ्यांच्या मागून हळूहळू चालली होती. मागे कपाटात कपबशा किणकिणत होत्या.

"फ्लॅगस्टाफ मागे पडलं का?" त्याने विचारलं.

क्लिनिकमधली नर्स सांगायची की त्यांचं म्हणणं खोडून काढू नका, ते जिथे असतील तिथे तुम्ही जा. नीनाला ते जमत नसे. अडतीस वर्षं ती या माणसाशी खरं बोलत आली होती. आता त्याला कळत नाही म्हणून खोटं बोलायचं, हे तिला त्याच्या खिशात हात घातल्यासारखं वाटे.

"अहो, हे केंट आहे. आपण डंजनेसला चाललोय."

"पण तू तर ॲरिझोना म्हणालीस."

"मी कधी म्हणाले?"

"आत्ताच की. मागून."

"मी गाडी चालवतेय. मागून कशी म्हणेन?"

सिग्नलचा आराखडा तपासताना पुरुषोत्तमच्या कपाळावर जी आठी पडायची ती पडली. मुद्दा त्याला पटला असावा. "हो, तेही आहेच," तो म्हणाला.

पुढे मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून तिने त्याला टॉयलेटला नेलं. तो बाहेर येईपर्यंत जेन्ट्सच्या दारापाशी ती उभी राहिली, जीव मुठीत धरून, नेहमीसारखी. दोघं परत आली. चढताना-उतरताना दोघांनी पुढचीच दारं वापरली होती. नीनाने किल्ली फिरवली आणि बझर वाजायला लागला.

पायरी बाहेर होती. या वेळी ती वाकून बघत राहिली. जाळीदार धातूची, पाऊल मावेल एवढी साधी पायरी. शशिधरांची गाडी जुनीच, त्यात पायरीची वायर कुठेतरी सैल झाली असणार, खड्ड्यात हिसका बसला की सरकत असणार. कारण पुरेसं होतं. तरीही गाडीत बसण्याआधी तिने बाजूचं दार उघडून आत डोकावलं. समोरासमोर दोन बाक, मध्ये टेबल, गॅस, बेसिन, शॉवरचं चिंचोळं दार. ते दारही उघडून पाहिलं. आत बादली होती.

३

ॲशफर्ड सोडलं की जमीन एकदम सपाट होते. पाण्याचे चर, मेंढ्या, विजेच्या तारा, आणि बाकी सगळं आभाळ. रस्ता शेतांच्या कडेकडेने काटकोनात वळत जातो, त्यामुळे समोरून कुणी येत नसलं तरी गाडी हळूच न्यावी लागते. पुरुषोत्तम खिडकीतून बघत होता. त्याचा चेहरा निवळला होता. नीनाला बरं वाटलं. एवढ्यासाठी तर आलो, असं तिच्या मनात आलं.

"तू दमलीस ते मला माहीत आहे," तो अचानक म्हणाला.

कित्येक महिन्यांत तो तिच्याबद्दल काही बोलला नव्हता. बोलायचा ते चष्म्याबद्दल, पोस्टमनबद्दल, हरवलेल्या मफलरबद्दल. तिचे डोळे भरून आले.

"नाही हो. ड्रायव्हिंगचं काही नाही मला."

"ड्रायव्हिंगचं नाही. ते म्हणालीस ना तू, एक दिवस सुटका हवी. सगळ्यातून. माझ्यातूनसुद्धा."

चराच्या कडेला एक बगळा उभा होता. गाडी त्याच्याजवळून गेली तरी तो हलला नाही.

हे तिच्या मनात आलं होतं. गेल्या आठवड्यात, बाथरूमची फरशी पुसताना, नळ मोठा सोडून ती रडली होती तेव्हा, याच शब्दांत. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. अक्षयाला नाही, देवालाही नाही.

"हे मी कधी म्हणाले तुम्हाला?"

"रागावून नाही म्हणालीस," त्याने तिची समजूत घातली. "छान म्हणालीस. माझा हात हातात घेऊन. मला अजिबात वाईट वाटलं नाही."

माणूस एकटा पडला की मोठ्याने बोलायला लागतो, नीनाने स्वतःला सांगितलं. नळाच्या आवाजात आपण बोललो असू, यांनी दाराबाहेरून ऐकलं असेल. आजारात जवळचं पुसलं जातं आणि नको ते टिकतं, हे नर्सनेही सांगितलं होतं. सगळं नीट बसत होतं. हात हातात घेतल्याचं तेवढं बसत नव्हतं, कारण गेले कित्येक दिवस तिने त्याचा हात धरला होता तो फक्त कुठेतरी ओढून न्यायला.

४

डंजनेसला पोचले तेव्हा ऊन पडलं होतं. गोट्यांच्या पसाऱ्यात लांब लांब अंतरावर काळ्या डांबरी लाकडाच्या खोपट्या, गंजलेली यंत्रं, कोरड्या जमिनीवर ओढून ठेवलेल्या होड्या. एका टोकाला बंद पडलेलं अणुवीजकेंद्र, अलीकडे दीपगृह. समुद्र दिसत नव्हता, गोट्यांच्या चढापलीकडून नुसता ऐकू येत होता.

"हेच," पुरुषोत्तम म्हणाला. "असंच वाटलं होतं मला."

नीनाने या वेळी त्याचं म्हणणं खोडून काढलं नाही.

दोघं मागच्या भागात आली. तिने गॅस पेटवला, पंप चालू करून पाणी घेतलं, आलं ठेचून टाकलं. तो टेबलाशी बसून बघत होता. थालीपिठं खाऊन झाली. तिने चहा दोन कपांत गाळला आणि त्याच्यासमोरच्या बाकावर बसली. दार बंद होतं.

तेवढ्यात गाडी कलली.

फार नाही. मोटरहोम स्प्रिंगवर असते, कुणी पायरीवर पाऊल ठेवलं की त्या बाजूला किंचित दबते आणि माणूस आत आला की पुन्हा सावरते. सकाळी डबे ठेवताना आणि आत्ता पुरुषोत्तमला चढवताना नीनाला ते ओळखीचं झालं होतं. अगदी तसंच झालं. आधी दाराच्या बाजूला दबली, क्षणभर थांबली आणि सरळ झाली. कपातला चहा एका कडेला चढून परत आला.

वाऱ्याचा झोत, नीनाच्या मनात आलं. खिडकीबाहेरचं गवत हलत नव्हतं.

पुरुषोत्तमने मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि खिडकीकडे सरकून बाकावर आपल्या शेजारी जागा केली. रेल्वेत चढलेल्या अनोळखी माणसाला करून द्यावी तशी नव्हे. घरातल्या माणसाला करून देतात तशी.

"तुला चहा नको?" त्याने हळूच विचारलं. नजर नीनाकडे नव्हती.

"मी घेतेय की," नीना म्हणाली, थोडी मोठ्यानेच.

तो ओशाळला. मग त्याने आपला कप उचलला आणि निमूट पिऊन टाकला.

५

जेवणानंतर त्याला डुलकी लागली. नीनाने त्याचे बूट काढले, पांघरूण घातलं आणि थोडा वेळ बसून राहिली. आत हवा कोंदली होती. इथेच बसून राहिलो तर आपलंही डोकं फिरेल असं तिला वाटलं. पाच मिनिटं, समुद्र दिसेल तिथपर्यंत, म्हणून ती बाहेर पडली. दार नुसतं ओढून घेतलं. झोपलेल्या माणसाला कोंडायचा तिला धीर झाला नाही.

गोट्यांवरून चालणं अवघड होतं. प्रत्येक पावलाला गोटे खचायचे आणि करकर आवाज व्हायचा, इतका की स्वतःच्या चालण्याखेरीज दुसरं काही ऐकू येत नव्हतं. या जागेत चोरपावलांनी कुणी येऊ शकणार नाही, असा विचार तिच्या मनात आला आणि उगाचच तिला हुशारी वाटली.

चढावर पोचली आणि फोन वाजला. अक्षया होती.

"आई, मला परत करावासा वाटला फोन. मगाशी थँक यू म्हणायचं राहिलं."

"मगाशी म्हणजे?"

"बाबांच्या फोनवरून बोललो ना आपण. आत्ताच. तू ओके आहेस ना?"

पुरुषोत्तमला फोन लावता येईनासा होऊन बरेच दिवस झाले होते.

"तू किती वेगळी बोलत होती, आई. आय मीन, इन अ गुड वे. सॉरी पण म्हणाली मला. आणि केअररचं हो म्हणाली, तर मी लगेच त्या एजन्सीला विचारला. ती बाई सोमवारपासून येऊ शकतो. पण तू म्हणाली सोमवारची गरज नाही, आजच लावू या, ते मला नाही कळलं. आज कोण येणार?"

"अक्षया, कोण बोललं तुझ्याशी?"

"आई?"

नीनाने वळून मागे पाहिलं. मोटरहोम वाटली होती त्यापेक्षा बरीच दूर दिसत होती. बाजूचं दार उघडं होतं. आणि दाराच्या पलीकडे, खोपट्यांच्या दिशेने, पुरुषोत्तम चालला होता. सावकाश, ताठ, पूर्वी चालायचा तसा. त्याच्या दंडाला धरून एक बाई चालली होती. मरून जाकीट, मानेवर बांधलेले पांढरे केस, डावा खांदा किंचित खाली. नीनाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिची बाही मरून होती.

वारा त्यांच्याकडून येत होता. त्याबरोबर पावलांचा आवाजही येत होता. करकर, करकर. एकाच माणसाच्या पावलांचा.

ती धावली. गोट्यांत पाय रुतत होते, दोनदा ती हातांवर पडली. पडून उठली तेव्हा तो एकटाच होता, एका जुन्या होडीला टेकून उभा.

"एवढी धापा का टाकतेस?" तो म्हणाला. "सावकाश जाऊ म्हणालीस ना?"

त्याचे गाल उन्हाने लाल झाले होते. बूट पायात होते. नाड्यांना दोन गाठी मारलेल्या होत्या, फासे एकसारखे, टोकं आत खोचलेली. नीना अशाच बांधायची. पुरुषोत्तमला आता एक गाठही येत नव्हती.

६

परत निघताना तो पुढे बसायला तयार होईना.

"मी मागे बसतो."

"मागे एकटे कशाला बसता? पुढे रस्ता दिसतो."

"एकटा कुठे?" तो म्हणाला, आणि तिच्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की तिला पुढे विचारवेना. तिने बाकावर त्याला बसवलं, पट्टा लावला. शेजारच्या जागेचा पट्टा आधीच लागलेला होता. तिने तो सोडवला नाही. हात तिकडे जाईना.

गाडी सुरू केली. बझर वाजला नाही.

कुणाला तरी सांगावं असं तिला सारखं वाटत होतं. पण काय सांगायचं? नवऱ्याला भास होतात आणि मलाही व्हायला लागलेत, एवढंच कुणीही ऐकलं असतं. अक्षयाने तर लगेच ट्रेन पकडली असती. आणि अक्षयाशी बोलली ती बाई भास होती म्हणावं, तर पुरुषोत्तमच्या फोनमध्ये तो कॉल होता. निघण्याआधी नीनाने पाहिला होता.

मोटरवेवर ऊन समोरून येत होतं. मागून बोलण्याचा आवाज यायला लागला. इंजिनाच्या घरघरीत शब्द कळत नव्हते, पण त्याचं बोलणं, मग थोडं थांबणं, मग पुन्हा त्याचं बोलणं, हे कळत होतं. थांबण्याच्या जागा बरोबर होत्या. समोरचं माणूस बोलत असताना थांबावं तेवढ्याच.

मग तो हसला. नीनाने हे हसणं शेवटचं कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना. पोटातून आलेलं, शेवटी खोकल्यात संपणारं हसणं. तिच्या मनात आधी भीती आली, मग राग, कारण एवढी धडपड करून तिला ते जमलं नव्हतं. आणि मग, ॲशफर्ड आणि मेडस्टनच्या मध्ये कुठेतरी, दोन्ही ओसरून तिला नुसता थकवा जाणवला. खांद्यांत, मांड्यांत, डोळ्यांच्या मागे. असं वाटलं की आपल्या हातातली जड पिशवी घ्यायला कुणीतरी हात पुढे केला आहे आणि आपण उगाच ओढाताण करतोय.

"त्यांना गोळी सहाला असते," ती समोर बघत म्हणाली. स्वतःचा आवाज तिला शांत वाटला. "दह्यात कालवून द्यावी लागते. नाहीतर थुंकतात."

मागचं बोलणं थांबलं.

"आणि पाठीवरून हात फिरवला की झोप लागते. डाव्या कुशीवर."

"माहीत आहे," मागून आवाज आला. नीनाचाच, अक्षयाला फोनवर जो ऐकू जात असेल, तो. "तू रस्त्याकडे बघ."

नीनाने रस्त्याकडे पाहिलं. पुढचे कित्येक मैल तिच्या मनात एकही विचार आला नाही, आणि तिला लाज वाटली ती याची की त्यात तिला सुख लागलं.

७

क्रॉयडनच्या गल्लीत पोचली तेव्हा शाळेचे युनिफॉर्म घातलेली दोन मुलं अजून बाहेर सायकल फिरवत होती. उजेड चांगला होता. घरासमोर मोठी गाडी लावायला तिला वेळ लागला. इंजिन बंद करून ती वळसा घालून बाजूच्या दाराकडे आली, तोवर दार उघडलं होतं आणि पुरुषोत्तम उतरत होता. उजवा हात त्याने मागे वर धरला होता, आधार घेतल्यासारखा. त्या हाताने दाराची चौकट धरली नव्हती.

खाली उतरून त्याने कोट नीट केला. नीनाला पाहून तो थांबला आणि हसला. बसमधून उतरताना तो ड्रायव्हरकडे बघून हसायचा, तसा.

"थँक यू हं," तो म्हणाला. "फार सांभाळून आणलंत तुम्ही."

लग्न ठरलं त्या दिवसापासून त्याने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"अहो, मी नीना."

तो अवघडला. समोरच्याची चूक दाखवायला संकोच वाटावा तसं त्याने घराकडे पाहिलं. "नीना आत गेली. चहा टाकते म्हणाली." मग, बोलणं तोडून निघायला बरं दिसणार नाही म्हणून, "तुम्हाला अजून लांब जायचं असेल ना?"

"नाही," नीना म्हणाली. "मी इथेच राहते."

"हो का? छान," तो म्हणाला आणि फाटकातून आत गेला.

घराचं दार सकाळी तिने स्वतः कुलूप लावून ओढून पाहिलं होतं. ते आता उघडं होतं. पुरुषोत्तमने आत पाऊल टाकलं, वळून तिला हात केला आणि दार लावून घेतलं.

ती पळत दारापर्यंत गेली. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला खडबडीत काच आहे, तिच्यातून रंग दिसतात, चेहरे दिसत नाहीत. पॅसेजमधल्या स्टुलावर तो बसला होता. त्याच्या पायांशी मरून रंगाचं कुणीतरी वाकलं होतं. एक बूट निघाला, मग दुसरा. घाई नव्हती. बूट काढून झाल्यावरही ते वाकलेलं माणूस त्याची पावलं हातांत धरून थोडा वेळ तसंच राहिलं, आणि पुरुषोत्तमने आपला हात त्या वाकलेल्या डोक्यावर ठेवला.

नीना बघत राहिली. किल्ली तिच्या हातात होती. आपल्याला हे असं कधी सुचलं नाही, एवढंच त्या क्षणी तिच्या मनात आलं.

मग तिने किल्ली कुलपात घातली. आतला मरून रंग उभा राहिला, काचेजवळ आला, इतका जवळ की रंगाखेरीज दुसरं काही दिसेना. आणि पुरुषोत्तम एकटा बाहेर पडू नये म्हणून नीना रोज लावायची ती साखळी आतून कुणीतरी लावली.